वाहनमुक्त मार्गासाठी वाहने पाहिजेत

ग्रामीण पर्यटन खात्याच्या विभागीय अधिकाऱ्याला या योजनेतून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणावर उगाच संशय नको. त्याला बढती मिळणार होती. त्याची सध्याची खोली जिन्याखाली होती आणि तिचं दार स्वच्छतागृहाच्या दाराला इतकं खेटून होतं, की दिवसभर लोक घाईघाईने आत शिरत, त्याला पाहत आणि निराश होऊन परत जात. बढतीनंतर तो वरच्या मजल्यावर जाणार होता. शिवाय सासरेबुवा दर भेटीत "अजून तिथंच का?" असं विचारत, तेही थांबणार होतं. हा लाभ सेवानियमांत कुठे नमूद नसला, तरी सर्वांत मोठा तोच होता.

योजनेचं नाव होतं 'वाहनमुक्त ऐतिहासिक खडीमार्ग'. शहरातल्या सुखवस्तू लोकांना अलीकडे जाड टायरच्या सायकलींवर बसून खडीच्या रस्त्याने हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस आली होती. त्यांच्या अपेक्षा माफक होत्या. वाटेत गाड्या नसाव्यात, निसर्ग असावा, आणि दमल्यावर टेकायला एखादं युद्ध होऊन गेलेलं असावं.

अधिकाऱ्याकडे असा रस्ता अगदी घरचा होता. त्याच्या मावशीच्या दारावरूनच जायचा. युद्धाच्या काळात सैन्याने टेकडीपासून नदीपर्यंत खडी टाकली, एक काँक्रीटचा बंकर बांधला, आणि युद्ध संपल्यावर दोन्ही तिथेच टाकून सैन्य घरी गेलं. रस्त्याच्या मधोमध गवत वाढलं. बंकरमध्ये मावशी अळंबी वाढवू लागली. अंधार, ओल, गारवा, सगळं सरकारी खर्चाने झालेलं. काका गेल्यापासून तिचं घर त्या अळंबीवरच चालत होतं. सकाळी टोपल्या हातगाडीत ठेवायच्या, गाडी ढकलत बाजारात जायचं आणि दुपारच्या आत रिकामी घेऊन यायची.

अधिकाऱ्याने प्रस्ताव पाठवला. तो परत आला, आणि पाठोपाठ मुख्यालयातून वरिष्ठांचा फोन.

"मार्गावर वाहनं किती?"

"एकही नाही, सर." अधिकाऱ्याची छाती फुगली.

"मग मुक्त कशापासून करणार?"

"सर, तो मुळातच मुक्त आहे."

"अहो, मुळातच असलेल्या गोष्टीला अनुदान कसं देणार? उद्या तपासणीवाले येतील, विचारतील, काय हटवलंत? गवत दाखवाल? आधी वाहतूक आणा, मग घालवा. घालवायला आमची अजिबात ना नाही."

मुद्दा बिनतोड होता. अधिकाऱ्याने मुख्य रस्त्यावर 'काम चालू आहे' असा फलक लावला. काम कुठेच चालू नव्हतं, पण फलक खरा मानायची सवय लोकांना होती. वाळूचे ट्रक, बस, सिमेंटचे टँकर सगळे मावशीच्या दारावरून वळले. पहिल्याच आठवड्यात अळंबीवर धुळीची साय धरली.

"गुंड्या, हे काय आणून सोडलंस दारात?" मावशीने भाच्याला गाठून विचारलं. त्याचं लहानपणचं नाव अजून तिच्याच तोंडी शिल्लक होतं.

"मावशी, आपला रस्ता वाहनमुक्त होतोय."

"मग ही काय बैलं आहेत?"

"ही मुक्तीची पूर्वतयारी आहे. थोडी कळ काढ. सायकलवाले आले की तुझी अळंबी दारातच खपेल. बाजारात जायलाच नको."

भाच्याची बढती म्हणजे मावशीला घरातलंच कार्य. तिने कळ काढली आणि टोपल्यांवर ओली फडकी टाकली.

पण वाहतूक वाढताच रस्ते खात्याला जाग आली. एवढी वर्दळ असलेला रस्ता खडीचा ठेवता येत नाही, असा त्यांचा नियम. एरवी खड्डा बुजवायला दोन निवडणुका लावणारं ते खातं चार दिवसांत डांबर घालून मोकळं झालं. त्याच सुमारास वाहतूक पुरेशी झाल्याचं मुख्यालयाने मान्य केलं, योजना मंजूर झाली, 'काम चालू'चा फलक उतरला आणि ट्रक आपल्या वाटेला लागले. मागे उरला काळाभोर, गुळगुळीत खडीमार्ग.

"खडी कुठे आहे?" वरिष्ठांनी पाहणीत विचारलं.

"डांबराच्या खाली, सर."

"खाली असून काय उपयोग? पर्यटकाला वर लागते."

तेव्हा डांबरावर नवी खडी पसरली गेली. ती जुन्या खडीपेक्षा देखणी होती, सगळे दगड एका मापाचे. फक्त डांबरावर ती ठरेना. पहिले तीन सायकलस्वार वळणावर घसरून थेट मावशीच्या कुंपणात शिरले. म्हणून एक रुग्णवाहिका कायमची उभी करण्यात आली. कुणी वाहन आणू नये म्हणून एक जीप दिवसभर मार्गावर फिरू लागली. ही दोन्ही सेवेतली असल्यामुळे वाहनांत धरायची नव्हती.

आता उद्घाटन ठरलं. संचालक यायचे होते, आणि त्यांच्या हस्ते एक वाहन अडवून परत पाठवण्याचा कार्यक्रम होता. मात्र आयत्या वेळी अडवायला वाहनच मिळेना. ट्रक आपल्या रस्त्याला लागलेले, आणि संचालकांच्या ताफ्यातल्या गाड्या तर सेवेतल्याच. बँडवाले खोळंबले. अधिकारी रस्त्याच्या दोन्ही टोकांना धावून आला. तेवढ्यात वळणावरून मावशी आली, हातगाडी ढकलत.

"चाकं आहेत," संचालक म्हणाले.

"आहेत, सर," अधिकारी म्हणाला.

"सायकल आहे का ती?"

"नाही, सर."

"मग वाहनच की हो!" संचालकांनी समाधानाने हात वर केला. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. जीपवाल्याने हातगाडी उचलून मागे टाकली आणि मावशीच्या हाती दंडाची पावती दिली. सही भाच्याची होती.

"अरे, मी बाजारात कशी जाऊ?" मावशीने टाळ्या संपल्यावर विचारलं.

"मावशी, चारचौघांत नको. संध्याकाळी घरी येतो."

संध्याकाळी तो आला, पण एकटा आला नाही. बरोबर इतिहास सल्लागार बाई होत्या. त्यांनी बॅटरी मारून बंकर आतून-बाहेरून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"इथे काय घडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "आमचे वडील सांगायचे, शिपाई आले, पत्ते खेळले. आमच्याकडून मीठ उसनं नेलं. शत्रू आलाच नाही, मग गेले."

"मीठ परत केलं?"

"केलं की. जरा जास्तच."

"बघा ना," सल्लागार बाई हळहळल्या, "लढाई टळली हे मानवजातीच्या दृष्टीने छानच. पण त्याचा फलक कसा लावायचा? माणूस एवढी खडी तुडवून येणार, त्याला निदान काही गोळ्यांच्या खुणा तरी नकोत?"

दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन माणूस आला आणि त्याने बाहेरच्या भिंतीवर तुंबळ युद्ध केलं. नंतर आतल्या अळंबीचा प्रश्न निघाला. बंकर मूळ स्वरूपात दिसायला हवा होता, आणि मूळ स्वरूपात अळंबी नव्हती.

"माझ्या अळंबीच्या पिशव्या काढू नकोस रे," मावशी म्हणाली. "याच्याशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"पण मावशी, विचार कर. हातगाडी जप्त. अळंबी बाजारात जाणार नाही. मग वाढवायची कुणासाठी?"

आपल्या तर्काला कुठेच भोक नाही, हे पाहून त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पिशव्या बाहेर आल्या आणि कुंपणालगत उन्हात वाळून गेल्या. आत दिवे लागले, मूळ स्वरूपाचे.

मात्र मावशीला त्याने वाऱ्यावर सोडलं नाही. बंकरच्या दारात एक स्टूल ठेवून तिची 'युद्धपीडित स्थानिक' या पदावर मानद नेमणूक केली. मानद म्हणजे पगार नव्हता.

"अरे, युद्ध झालं तेव्हा मी जन्मलेही नव्हते!"

"मग फार बोलू नकोस. नुसती लांब बघत बस."

तेवढं तिला जमत होतं. नदीपलीकडे बाजार होता, ती तिकडेच बघत बसायची. येणाऱ्यांना वाटायचं, रणांगण आठवतंय.

आणि लोक आले! गाडीच्या टपावर सायकल बांधून आले. मावशीच्या पडीक शेतात गाड्या लावल्या, घाटभर वाहतुकीत अडकल्याबद्दल एकमेकांजवळ तक्रार केली, सायकली उतरवल्या आणि गाडीमुक्त आयुष्याचा आनंद लुटायला निघाले. त्यांत तुम्हीही होतात. आठवत नाही? लाल हेल्मेट. गोळीच्या खुणेत बोट घालून तुम्ही क्षणभर गंभीर झालात. मग मावशीजवळ वाकलात, जरा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं "आजी, फार सोसलंत ना?" असं विचारलंत. ती म्हणाली, "हो." तिच्याबरोबर तुम्ही फोटो काढलात आणि घरी जाऊन अभिप्राय लिहिलात: "अस्सल! निःशब्द! गाड्यांचा मागमूस नाही. फक्त पार्किंग अपुरं."

खातं लोकांचं ऐकत नाही, असं तुम्हीच म्हणत असता. या वेळी ऐकलं. पार्किंग वाढवण्यासाठी मावशीचं घर परवा पाडलं. बंकरला हात लावता येत नव्हता, तो ऐतिहासिक आहे.

एकूण ताळेबंद असा: खात्याने खडी दिली, भाच्याने सही दिली, तुम्ही पाच तारे दिलेत. बाकीचं सगळं मावशीने दिलं.