अर्शदभाईंच्या कमरेची नोंद

तुम्ही स्वतःला अपंग समजता का, हा प्रश्न समोरच्याला राग न येता कसा विचारायचा, याची तालीम कश्मिरा सकाळपासून नवऱ्यावर करत होती. मयुरेश डबे भरत होता.

"मला चष्मा आहे," तो म्हणाला. "लिही."

"चष्मा चालत नाही. नीट सांग, विचारताना माझा चेहरा कसा दिसतो?"

"घाबरलेला."

"म्हणजे मी काहीतरी लपवतेय असं वाटेल का त्यांना?"

"लपवत नाहीयेस, पण वाटेल."

"मम्मा, यू आस्क्ड हिम ऑलरेडी," डाव्या पायात उजवा बूट घालता घालता अनुष्का म्हणाली.

घाबरण्याची कश्मिराला सवय होती. गॅस बंद केलाय ना, हे बघायला ती नईम मोहल्ल्यातल्या रस्त्यावरून परत जिने चढून जायची, आणि शाळेची बस जरा रेंगाळली की तिला मनामा शहरातले सगळे सिग्नल एकदम आठवायचे. पण या वेळची भीती खरी होती. मयुरेशच्या कंपनीनं नव्या करारात घरभाडंही काढलं होतं आणि शाळेचा खर्चही. कश्मिराला कमालसाहेबांच्या कंपनीत कायम केलं, तिचं वर्क परमिट काढलं, तर तिघं बहरीनमध्ये राहणार होते. नाहीतर मयुरेश इथं कुणाबरोबर तरी खोली घेऊन राहणार आणि मायलेकी ठाण्याला सासूबाईंकडे जाणार. तिच्या नोकरीतल्या प्रोबेशनची मुदत संपत आली होती. परमिटचा विषय निघाला की कमालसाहेब गोड हसून "इंशाल्ला, सिस्टर" म्हणायचे. इंशाल्लाचे पुष्कळ प्रकार असतात. त्यातला हा कुठला, हे अजून तिला ओळखू येत नव्हतं.

कमालसाहेब बहरीनी. बाहेरून शूटिंगला येणाऱ्या सिनेमावाल्यांना ते माणसं, गाड्या, सेट असं सगळं पुरवत. सध्या एका परदेशी स्टुडिओसाठी जिदहफ्स गावाच्या मागच्या मोकळ्या जागेत प्लायवूडचं एक जुनं बंदर उभं राहत होतं. या स्टुडिओला त्याच्या राज्याचं सरकार करात सवलत देणार होतं. अट एकच होती. सिनेमावर काम करणाऱ्या माणसांत बायका किती, कुठल्या वंशाची माणसं किती, अपंग किती, याची नोंद ठेवायची. मग काम जगाच्या पाठीवर कुठंही होवो. निदान जवळजवळ सगळ्यांची उत्तरं आली नाहीत तर सवलत गेली, आणि सवलत गेली तर कमालसाहेबांचं पुढचं काम गेलं. ऑफिसात या 'डायव्हर्सिटी'ला कुणी हात लावेना. तेव्हा ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या कश्मिराच्या गळ्यात पडली.

नियम तसे सोपे होते. अंदाजानं काही भरायचं नाही. माणूस स्वतःबद्दल जे सांगेल तेच खरं, उलटतपासणी करायची नाही.

तिनं सुरुवात अर्शदभाईंपासून केली. अर्शदभाई दापोलीकडचे, सेटवरचे मुख्य मिस्त्री. मराठी बोलणारा माणूस म्हणून तिला धीर वाटला. नाव, वय, वंश असं करत गाडी अपंगत्वावर येईपर्यंत बरं चाललं होतं. तिथं अर्शदभाईंनी रंधा बाजूला ठेवला.

"मॅडम, हे सगळं जानार कुठं?"

खोटं बोलायची तिला भीती वाटत असे, म्हणून तिनं खरं ते सांगितलं. "परदेशात. तिथल्या सरकारकडे."

"बरं," अर्शदभाई म्हणाले. "मी जरा खिळे बघून येतो."

ते खिळे बघायला गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या पाठोपाठ त्यांचे मदतनीस खिळे बघायला गेले. दुपारपर्यंत सबंध बंदरात कश्मिरा आणि एक मांजर, एवढंच उरलं. ती टॅबलेट घेऊन ज्या गल्लीत शिरे तिथून माणसं प्लायवूडच्या भिंतीमागच्या भिंतीमागे सरकत. माणसं दिसत नव्हती, फक्त विडीचा वास येत होता.

घडलं होतं ते अगदी सरळ होतं. आखातात माणसं मोजायला लागले की ती कमी करायची असतात, हे इथं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षातच कळतं. कुठल्या देशाचे किती, असं विचारत कुणी फिरलं की समजायचं, अमुक देशाचे जास्त झाले. त्यात आजारपण विचारलं म्हणजे तर निकालच लागला. चहाच्या टपरीवर बातमी पोचली ती अशी: इंडियन मोजतायत, आणि कुणाचं काय दुखतं त्याचीही यादी चाललीय.

ही बातमी कश्मिराला सांगितली कपडेपटातल्या ताहेराआपांनी. त्या श्रीवर्धनच्या, शिवणाऱ्या बायकांच्या प्रमुख. तोंडात टाचण्या धरूनही त्या स्पष्ट बोलू शकत.

"गो बाय, तुझ्यापायी माझ्या तीन पोरी आज संडासातून बाहेर येईनात."

उत्तरं नाहीत म्हणजे सवलत नाही, सवलत नाही म्हणजे परमिट नाही, आणि मग थेट ठाणं. त्या घाबरगुंडीत तिच्या तोंडून गेलं, "आपा, कुणाला काढायला नाही विचारत हो. उलट आहे. माणसं जितकी वेगवेगळी तितकं त्यांना आवडतं. अपंग असला कुणी, तर फारच चांगलं."

ताहेराआपांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "फारच चांगलं?"

"फारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेटवर पोचली तर तिच्या टेबलासमोर रांग. सगळ्यात पुढे अर्शदभाई, धुतलेल्या शर्टात.

"कमर," ते म्हणाले. "लिहा."

"कमरेला काय झालंय?"

"दुखते."

कश्मिराला नियम आठवला. उलटतपासणी नाही. तिनं कंबर नोंदवली. वंश विचारल्यावर अर्शदभाई जरा ताठ झाले आणि म्हणाले, "अरब."

"अरब?"

"आमचे मूळपुरुष बसऱ्याहून गलबतानं आले दापोलीला. गावात कुणालापन विचारा."

गावात विचारायची सोय नव्हती, तिनं अरब लिहिलं. त्यांच्या मागे गुडघे आले, खांदे आले, भुशानं चोंदलेलं नाक आलं. एकाला हिरवा आणि निळा सारखाच दिसत होता. एकाला उंचीवर गरगरत होतं आणि तो रोज मचाणाच्या टोकावर काम करत होता. कोकणातले निम्मे मिस्त्री गलबतातून उतरले. रांगेच्या शेवटी उत्तरं सगळ्यांची आली होती. संध्याकाळी तिनं अहवाल पाठवला आणि कितीतरी दिवसांनी गॅस न तपासता झोपली.

अहवालाची एक प्रत आपोआप सेफ्टी ऑफिसरकडे जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सेफ्टी ऑफिसर खिजर हा शिस्तीचा माणूस. हेल्मेट घालूनच जेवायचा. सकाळी त्यानं अहवाल वाचला, शिट्टी वाजवली आणि सगळ्या मचाणांना लाल फीत बांधली. बंदराच्या मनोऱ्याला अजून डोकं नव्हतं, आणि ते बसवायची ज्यांची ज्यांची कुवत होती, ते सगळे कागदोपत्री अधू होते.

कमालसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते हळू बोलत होते.

"सिस्टर, परसों मनोरे का सीन है. और मेरे पास एक भी आदमी नहीं जो सीढ़ी चढ़ सके." त्यांनी अहवालाचं पान उलटलं. "और मेरी कंपनी में इतने अरब हैं? मेरी अपनी फॅमिली में इतने नहीं हैं."

"सर, मी, आय मीन, मैं ठीक करती हूँ."

"आज दोपहर तक. नहीं तो खलास."

खलासचा मात्र एकच प्रकार असतो. केबिनबाहेर येताना कश्मिराला ठाण्याचा जिना दिसत होता, सासूबाईंचा गॅस दिसत होता, आणि दर शुक्रवारी फोनच्या पडद्यावर मयुरेशला हात करणारी अनुष्का दिसत होती.

सेटवर मिस्त्री लोक लाल फितीपलीकडे बसून होते. तिनं त्यांना समजावलं की जे खरं नाही ते काढून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. अर्शदभाईंनी मान हलवली.

"काल कमर दुखते म्हणून लिवून दिलं. आज नाय दुखत म्हनलं तर खोटं बोलला म्हनून धरतील. इथं खोट्याला माफी नाय, मॅडम. त्यापेक्षा दुखू दे."

"पण कुणी धरणार नाही हो."

"तुमी परवा म्हनलात सरकारकडे जानार. आपांना म्हनलात अपंग चांगला. आज म्हनता अपंग नको. आमी धरायचं काय?"

कश्मिरानं टॅबलेट प्लायवूडच्या थप्पीवर ठेवला आणि स्वतःही तिथंच बसली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. करसवलतीचं मलाही धड कळत नाही. तुमच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेली आहे. हे दुपारपर्यंत झालं नाही तर माझं परमिट होणार नाही, आणि मुलीला घेऊन मला जावं लागेल, तिचा बाप इथंच राहील.

ताहेराआपा कधी येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या, तिला कळलं नव्हतं.

"परमिटचं हाय होय?" अर्शदभाई म्हणाले. "मग पयल्या दिवशी सांगायचं ना. डायवरसिटी, डायवरसिटी करून आमच्या पोटात भ्या घातलंत."

"काढ गो तो टॅबलेटचा डबा तुझा," ताहेराआपा म्हणाल्या. "चल रे, लायनीत या. आणि खरं सांगा मेल्यांनो, पोरीचं परमिट हाय."

सवलतीसाठी जे जमलं नव्हतं, ते परमिटसाठी चहा गार व्हायच्या आत झालं. गुडघे बरे झाले, नाकं मोकळी झाली. उंचीवर गरगरणाऱ्याचं गरगरणं तेवढं खरं निघालं. त्याला खाली रंगकामाला घेतलं, आणि इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही म्हणून तो बिचारा डोळे पुसत राहिला. अर्शदभाईंनी कंबर परत घेतली.

"पन अरब राहू द्या," ते म्हणाले. "ते खरं हाय."

ते राहिलं. खिजरनं फिती सोडल्या, मनोऱ्याला डोकं आलं, सीन झाला. आणि एका सकाळी कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेपा घालणारा माणूस, कश्मिराच्या टेबलावर परमिट ठेवून गेला. तिनं नाव वाचलं, फोटो बघितला, मुदत बघितली. मग हुद्दा बघितला. हुद्द्याच्या जागी लिहिलं होतं: सुतार.

कमालसाहेबांना त्यात विशेष काही वाटलं नाही. डायव्हर्सिटी नावाची जागा कंपनीच्या मंजुरीत नव्हती. सुताराची एक शिल्लक होती. ते म्हणाले, "मेरा अकाउंटंट कागज़ पे माली है. काम करो, यल्ला, चलो." मयुरेश घरी हसून हसून पलंगावरून पडायचा राहिला. कश्मिराला हसू आलं नाही. पुढच्या महिन्याचा अहवाल तिलाच भरायचा होता, आणि त्यात प्रत्येकाचा हुद्दा परमिटवर असेल तोच घालावा, असा नियम होता. खोटं लिहायची तिला भीती वाटे. तिनं स्वतःच्या नावापुढे सुतार लिहिलं, लिंग स्त्री लिहिलं आणि अहवाल पाठवला.

आठवडाभरात त्या परदेशी सरकारी कार्यक्रमाच्या प्रमुख बाई विमानानं आल्या. अमवाजच्या हॉटेलात उतरल्या आणि सामान टाकून तशाच सेटवर हजर झाल्या. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात धावायचे बूट. सगळ्या जगातल्या त्यांच्या युनिटांमध्ये सुतारखात्यात बाईमाणूस एकच सापडलं होतं, आणि त्यांना तिला कामावर असताना बघायचं होतं.

कश्मिरानं त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. मी सुतार नाही, कागदावर फक्त तसं आलंय. बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्या म्हणाल्या, कसबी कामातल्या बायका नेहमी असंच म्हणतात. पुरुष कधी म्हणत नाहीत.

कश्मिरानं कमालसाहेबांकडे पाहिलं. कमालसाहेब मनोऱ्याकडे पाहत होते.

अर्शदभाईंनी तिच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, कमरेला दोर बांधला, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "खाली बघायचं नाय, भाभी. मी मागंच हाय." बाई आधीच सरसर वर पोचल्या होत्या. कश्मिरा एकेक पायरी चढत होती आणि प्रत्येक पायरीवर अनुष्काचं नाव घेत होती. वर पोचल्यावर तिनं दोन्ही हातांनी पाइप धरला आणि डोळे मिटले. बाईंनी फोटो काढला. असं एकाग्र काम त्यांनी पाहिलं नव्हतं. या क्षेत्रात बायकांना सगळ्यात अवघड काय वाटतं, असं त्यांनी विचारलं. कश्मिराला फक्त "उतरणं" असं म्हणता आलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्या कठड्यावरून वाकल्या आणि खाली ओरडून विचारलं, पुढच्या वर्षी अशा किती सुतार बायका दिसतील?

"पाँच!" कमालसाहेब कपडेपटाकडे बघत खालून आनंदानं म्हणाले. "नहीं! दस! इंशाल्ला!"

कश्मिरानं एक डोळा उघडला. खाली ताहेराआपांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. त्यांच्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि शिवणाऱ्या सगळ्या बायका, एकामागून एक, गजबज न करता, प्लायवूडच्या भिंतीमागच्या भिंतीमागे सरकायला लागल्या. क्षणात कपडेपट ओस पडला. पळता येत नव्हतं ते फक्त सुतारखात्यातल्या एकुलत्या एक बाईला.