एक मुलगी भेट द्या!

गोड बोलण्यात आमच्या गावात माझा हात कुणी धरू शकत नाही! काल्दास प्रांताच्या डोंगरात, गावच्या चौकाला लागून माझं कापडाचं दुकान आहे. रुमाल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी पडद्याचं कापड देऊन पाठवतो, आणि वर ते माझेच आभार मानत जातं! म्हणून माझी मेव्हणी मार्योरी रडवेल्या चेहऱ्यानं दुकानात शिरली आणि म्हणाली, "लिसान्द्रो भाऊजी, आता तुम्हीच काहीतरी करा," तेव्हा मी कात्री बाजूला ठेवून म्हटलं, "झालं समजा!"

प्रश्न होता अन्सेल्मोचा. हा समुद्रापलीकडच्या स्पेनमधल्या वायादोलिदचा गडी; भाषा आमचीच, स्पॅनिश. चर्चमधला जुना ऑर्गन दुरुस्त करायला आला आणि ऑर्गनमधून पहिला सूर निघायच्या आतच मार्योरीच्या प्रेमात पडला. माणूस लाख मोलाचा! पण तोंड उघडलं की वाटावं, खेचर हाकतोय. 'कॉफी आण!' 'मीठ दे!' 'सरक तिकडे!' त्यांच्याकडे म्हणे सगळे असंच बोलतात आणि कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना अहो-जाहो करतात, आई तान्ह्या पोराला 'दूध प्या' म्हणते, इतकंच काय, आम्ही कुत्र्यालासुद्धा 'बसा' म्हणतो! आणि या पठ्ठ्यानं पहिल्याच भेटीत आमच्या सासूबाईंना, खुद्द दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एदेल्मिरांना फर्मावलं, "एदेल्मिरा, पाणी आण!"

सासूबाईंनी पाणी आणलं. पण पेला असा आपटला, की पाणी पेल्यात कमी आणि अन्सेल्मोच्या शर्टावर जास्त! तेव्हापासून घरात त्याचं नाव पडलं, 'फौजदार'.

"रविवारी तो मला मागणी घालायला येतोय," मार्योरी म्हणाली. "आई म्हणते, पुन्हा एकदा 'आण' म्हणाला तर दारातूनच वाटेला लावीन!"

"पाठवा त्याला माझ्याकडे!"

आला. दाराच्या चौकटीला डोकं आपटून आत आला आणि म्हणाला, "लिसान्द्रो, शिकव!"

"पहिली चूक! शिकव नाही म्हणायचं. हे बघा, आम्हाला एकच क्रियापद येतं आणि तेवढ्यावर जन्म निघतो. रेगालार!"

"म्हणजे भेट देणे. ते आमच्याकडेही आहे. वाढदिवसाला वापरतो."

"वाढदिवसाला!" मला त्याची दया आली. "अहो, आम्ही ते दिवसभर वापरतो! कॉफी हवी? 'मला एक कॉफी भेट द्या.' किती वाजले? 'जरा वेळ भेट द्या.' सही हवी? 'एक सही भेट द्या.' बाकावर बसायचंय? 'थोडी जागा भेट द्या.' समोरचा विरघळतो!"

अन्सेल्मोचे डोळे विस्फारले. "आणि लोक खरंच भेट देतात?"

तेवढ्यात एक बाई पलंगपोस बघायला आल्या. गिऱ्हाइक आणि व्याकरण एकाच वेळी दारात उभं राहिलं की मी गिऱ्हाइकाकडे वळतो. "देतात हो! मनं मोठी आहेत आमच्या लोकांची!" एवढं बोलून मी पलंगपोस उलगडला. आता खरं सांगायचं राहिलं ते असं, की आमच्याकडे कॉफी भेट म्हणजे नुसती 'कॉफी द्या', आणि पेन भेट म्हणजे 'जरा द्या, लिहून परत करतो'. पण हे काय सांगायचं? आम्हाला आईच्या दुधाबरोबर येतं!

गडी हुशार! दुसऱ्याच दिवशी सगळ्या गावाला त्यानं जिंकून घेतलं. 'एक पाव भेट द्या', 'एक पाना भेट द्या', 'एक हसू भेट द्या'! पाववाली बाई लाजून पिठात हात घालायच्या ऐवजी मिठात घालून बसली.

पण गावही त्याच्याशी त्याच भाषेत बोलत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं! खानावळीच्या दोन्या फ्लोराल्बा म्हणाल्या, "जरा तुमचा पासपोर्ट भेट द्या." नोंद करायची होती हो! यानं पासपोर्ट दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मनापासून!" चर्चचा सेवेकरी तेओफिलो पाऊस बघून म्हणाला, "जरा छत्री भेट द्या, पलीकडे जाऊन येतो." छत्री गेली. टोपी गेली. कोटही कुणीतरी 'जरा भेट द्या' म्हणून नेला. लोक परत द्यायला गेले की हा हात जोडायचा, "छे छे, तुमचंच आहे!" आणि पुढे चालू लागायचा.

रविवारी सासूबाईंनी कोंबडीचा सान्कोचो, आमचा कंद-केळी घातलेला रस्सा, रटरटत ठेवला होता. बाहेर मुसळधार पाऊस. दारात अन्सेल्मो उभा! ना टोपी, ना कोट, ना छत्री. विहिरीतून काढल्यासारखा निथळतोय आणि चेहऱ्यावर संताचं तेज!

"अहो, हे काय?" सासूबाईंना पाझर फुटला. "या, बसा. तुमची थाळी भेट द्या, वाढते."

अन्सेल्मो गोंधळला. "पण थाळी तुमचीच आहे!"

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती सासूबाईंना लागली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मक्याच्या कणसाकडे पाहू लागलो.

तसं जेवण छान चाललं होतं. 'मीठ भेट द्या', 'तिखट भेट द्या', सासूबाईंची कळी खुलत गेली. मार्योरी माझ्याकडे बघून डोळ्यांनी आभार मानत होती. आणि मग अन्सेल्मो उठला. घसा साफ केला. ओल्या शर्टातून पाणी ठिबकत होतं.

"दोन्या एदेल्मिरा, तुमची मुलगी मला भेट द्या!"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला.

"किती वेळ?"

"आं?"

"किती वेळ हवी, म्हणते मी! इथे माणसं सुई भेट मागतात, ती बटण टाचलं की परत आणतात. शिडी भेट मागतात, ती छप्पर झालं की परत. माझी मुलगी केव्हा परत आणणार? स्वयंपाक झाल्यावर?"

अन्सेल्मो पांढराफटक! तो माझ्याकडे वळला. "लिसान्द्रो... परत?"

"म्हणजे... म्हटलं तर..." मी सुरुवात केली.

"म्हणजे हे तुम्ही शिकवलंत?" सासूबाईंचा तोफखाना माझ्याकडे वळला, तेवढ्यात दार वाजलं. बाहेर दोन्या फ्लोराल्बा आणि मागे तेओफिलो, हातात छत्री, टोपी, कोट.

"अहो एदेल्मिरा, या माणसाला काहीतरी सांगा!" फ्लोराल्बा ओरडल्या. "पासपोर्ट परत घ्यायलाच तयार नाही! मी काय करू त्याचं? त्यातल्या फोटोला मिशा आहेत, मला कुठे आहेत!"

"आणि मी तीनदा छत्री घेऊन मागे पळालो!" तेओफिलो धापा टाकत म्हणाला. "हा आणखी जोरात पळतो!"

"पण मी ते भेट दिलंय," अन्सेल्मो हळूच म्हणाला. "दिलेलं परत कसं घ्यायचं? छत्री माझ्या वडिलांची होती, हातातून सुटेना. पण भेट मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? मला वाटलं, इथली पद्धतच अशी सुंदर."

सासूबाई त्याच्या निथळणाऱ्या केसांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तुमच्याकडे भेट कायमची?"

"कायमचीच. दुसरी कसली असते?"

"आणि मुलगी?"

"कायमची. आणि मीही तुम्हाला कायमचा."

सासूबाई उठल्या. मला वाटलं, लाटणं आणायला गेल्या. त्या पंचा घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं त्याचं डोकं पुसायला लागल्या, इतक्या जोरात की बिचाऱ्याची मान डुगडुगायला लागली. "मला काय विचारता? ती काय माझ्या कपाटातली वस्तू आहे? तिला विचारा!"

मार्योरीनं फ्लोराल्बाबाईंच्या हातातून पासपोर्ट घेतला आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकला. "हा आता माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "म्हणजे कुठे जाणार नाहीत."

अन्सेल्मो रडला. फ्लोराल्बा रडल्या. तेओफिलोनं बसून दोन थाळ्या सान्कोचो खाल्ला.

लग्नाला वायादोलिदहून अन्सेल्मोची आई आली. मी म्हटलं, स्टँडवर मी जातो, वाटेत चार शब्द शिकवतो. सासूबाईंनी मला कच्ची केळी सोलायला बसवलं आणि स्टँडवर स्वतः गेल्या. मार्योरी सांगते, विहीणबाई बसमधून उतरल्या त्या ओरडतच, "एदेल्मिरा, पिशवी धर!" सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. आणि सासूबाईंनी हसत पिशवी धरली! दोघी गळ्यात गळे घालून घरी आल्या आणि ओसरीवर बसून अशा खिदळायला लागल्या, जणू शाळेतल्या मैत्रिणी.

केळीच्या चिकानं काळे झालेले हात घेऊन मी दारातून डोकावलो.

"हा कोण?" विहीणबाईंनी विचारलं.

"थोरला जावई," सासूबाई म्हणाल्या. "स्वभावानं चांगला आहे हो. बोलण्यात जरा कच्चा आहे, एवढंच!"