महाकवच आणि घरचे प्रोग्राम

सुरक्षितता ही माणसाची पहिली गरज आहे. अन्न, वस्त्र आणि निवारा यांचा क्रम त्यानंतर लागतो, कारण तिन्ही आत घेण्याआधी तपासून पाहावे लागतात. समुद्रपूरच्या ओमप्रकाशला हे २००६ साली पटलं.

बसस्टँडसमोर त्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. वडिलांच्या काळी तिथे किराणा होता. आता एक कॉम्प्युटर होता, एक प्रिंटर होता आणि मराठी टायपिंग करणारी त्याची बायको रूपाली होती. दुकान तिच्या बोटांवर चालायचं. (ओमप्रकाश गिऱ्हाइकांशी बोलायचा. तेही काम आहे.) दाराशी खुर्ची टाकून त्याची आई आनंदाबाई बसायची. तिच्याकडे कोणतंही काम सोपवलेलं नसल्यामुळे ती सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवू शकत असे.

ऐन लग्नसराईत एका गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि केलेल्या पत्रिका खाऊन गेला.

"मी म्हणतच होती, कोणाचंबी काही आत घेऊ नोको," आनंदाबाई रूपालीला म्हणाली. फ्लॉपी ओमप्रकाशने घेतली होती, परंतु हा मुद्दा चौकशीच्या कक्षेबाहेर होता.

ओमप्रकाशने वर्ध्याहून 'महाकवच' आणलं. खोक्यावर भाला घेतलेला मिशीवाला पहारेकरी होता. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की काही प्रोग्राम न सांगता आपोआप कामाला लागतात: मराठी अक्षरांचा, प्रिंटरचा, लाइन गेल्यावर बॅटरी सांभाळणारा. हे घरचे प्रोग्राम. महाकवच त्या प्रत्येकाला दारात अडवून लाल चौकट दाखवी: हा प्रोग्राम स्वतःहून सुरू होत आहे, तुमचा याच्यावर विश्वास आहे काय? रूपाली 'आहे' दाबायची. खाली 'पुन्हा विचारू नये' अशी सोय होती, तिथेही खूण करायची. दुसऱ्या दिवशी महाकवच पुन्हा विचारायचं. एकदा त्याने स्वतःच्याच एका प्रोग्रामला अडवून त्याचीही चौकशी केली. इतकी निःपक्षपाती यंत्रणा जिल्ह्यात दुसरी नसावी.

आनंदाबाईला ते फार आवडलं. तिची पद्धतही अशीच होती. रोज सकाळी रूपालीने चप्पल घातली की ती विचारी, "कुठी चालली?"

"दुकानात, आई."

"काऊन?"

"दुकान उघडाले."

लग्न झाल्यापासून रूपाली हेच उत्तर देत होती. पुन्हा विचारू नये, अशी खूण करायची सोय इथे मुळातच नव्हती.

शेवटी रूपालीच्या तक्रारीवरून ओमप्रकाशने महाकवचच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक बाई आली.

"सर, क्या आप इस प्रोग्राम को पहचानते हैं?"

"पहचानता हूँ, मॅडम."

"तो 'हाँ' दबाइए."

"वो तो रोज दबाते हैं."

"बहुत अच्छा, सर." तक्रार निकालात निघाली.

मग नालवाडीहून निकेश नावाचा दुरुस्तीवाला बोलावला. त्याने चहा घेतला, कॉम्प्युटर पाहिला आणि त्याला तक्रारीचं मूळ सापडलं. "भाऊ, तुमचा मराठीचा प्रोग्राम रोज सुरू होतानी त्या दिवसाची तारीख सोताच्याच पोटात लिहून ठेवते. म्हणून महाकवचले तो रोज नवा वाटते. त्याले सूट देऊन टाका, विचारणं बंद होईन."

"कायमची सूट?" ओमप्रकाश दचकला. "अन् उद्या तो बदलला तं?"

"तो रोजच बदलून राह्यला ना."

"मंग तं सूट द्याचीच नाई."

निकेशने बॅग उचलली आणि बस पकडली.

पुढच्या आठवड्यात ओमप्रकाशने हिंगणघाटहून फुकटच्या नक्षीची सीडी आणली आणि स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरमध्ये घातली. महाकवच हिरवंगार राहिलं. मालकाने हाताने आत घेतलेल्या पाहुण्याला ते काही विचारत नसे. संध्याकाळपर्यंत सीडीतल्या व्हायरसने सगळ्या पत्रिका खाल्ल्या. त्यात लक्ष्मणराव नावाच्या गिऱ्हाइकाच्या मुलीची, कोकिळेचीही पत्रिका होती, आणि तिचं लग्न तोंडावर होतं.

चौकशी तातडीने सुरू झाली.

"सकायी तूच ते 'आहे'चं बटन दाबलं होतं ना?" आनंदाबाईने विचारलं.

"का दाबलं होतं नेमकं?" ओमप्रकाशनेही विचारलं.

रूपाली उठली. "तुमी सीडी घातली, तवा तुमाले कोणं विचारलं?" एवढंच म्हणाली, आणि हिंगणीला माहेरी निघून गेली.

ओमप्रकाशने स्वतः टायपिंग केलं. कोकिळेचा 'कोकीळ' झाला. लक्ष्मणराव नमुना हातात घेऊन उभे राहिले. "माह्या घरी पोरीचं लगन हाय, पाखराचं नाई," ते म्हणाले. पत्रिका वाटायला आता दिवसच उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश हिंगणीला गेला. सासरे पुंडलिकराव ओट्यावर सुपारी कातरत होते.

"कोण?"

"मी ओमप्रकाश, मामाजी."

"कोणता ओमप्रकाश?"

"तुमचा जवाई."

"हाव का? काऊन आले?"

"रूपालीले न्याले."

पुंडलिकरावांनी पाणी दिलं. ओमप्रकाश पाणी प्याला आणि दाराकडे वळला.

"कोण?" पुंडलिकराव म्हणाले.

"मामाजी, आताच तं सांगतलं!"

"सांगतलं होतं. पण मंग तुमी पाणी पेले. बदलले असान."

आतून रूपालीचं हसू ऐकू आलं आणि मध्येच थांबलं. ओमप्रकाश ओट्यावर परत बसला. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. अनोळखी माणसाने विचारलं असतं, तर चाललं असतं, एवढंच त्याच्या मनात आलं.

रूपाली दारात येऊन उभी राहिली. तो खाली मान घालून म्हणाला, "आई रोज विचारते, ते मले ऐकू येत होतं. मी पेपर वाचत होतो."

"माहीत हाय मले," रूपाली म्हणाली. "आता कोण बोलन तिच्याशी?"

"मी."

ती आली ती कोकिळेसाठी, असं तिने बसमध्ये स्पष्ट केलं.

काढून टाकताना महाकवचने विचारलं: खरंच काढायचं? पुन्हा विचार केला? तुम्हाला तसा अधिकार आहे? ओमप्रकाशने तिन्हींना 'हो' दाबलं. रूपालीने जेवण बाजूला ठेवून कोकिळेची पत्रिका नव्याने बसवली. लक्ष्मणराव गठ्ठा छातीशी धरून गेले. आभार मानायचं ते विसरले, आणि ते कोणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या सकाळी रूपालीने चप्पल घातली.

"कुठी चा..." आनंदाबाईने सुरू केलं.

"आई," ओमप्रकाशने पेपर खाली ठेवला. "ते रूपाली हाय. दुकान तिच्यानंच चालते."

"मले का माहीत नाई?" आनंदाबाई म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं. दुपारी ती शेजारच्या भागीरथेकडे गेली आणि पोराने घराची सुरक्षा काढून टाकली, असं सांगून आली.

वाचकांच्या घरी अर्थातच असं काही नसणार. तरी तपासणीचा एक सोपा उपाय आहे. उद्या सकाळी, तुमच्या आधी उठून जे माणूस कामाला लागतं, त्याला सहज विचारा, "बरी आहेस ना?" ती हातातलं काम टाकून "का? काय चुकलं माझं?" म्हणाली, तर काळजीचं कारण नाही. तुमची यंत्रणा व्यवस्थित चालू आहे.