मागं बसणारं वजन

बाळाबाईंनी गाडीवर पुन्हा बसणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा त्यांचा मुलगा जोतीराम जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. कारण बाळाबाईंचं नाही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती पुसायला आजवर घरात कुणी धजावलं नव्हतं. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते आणि दर सोमवारी-गुरुवारी व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं. डॉक्टरांनी तर तोंडावर सांगितलं होतं की आता कंटाळा केला तर गुडघा कायमचा आखडेल, मग काठीशिवाय चालणं विसरा. रिक्षात बाळाबाईंना मळमळायचं, चारचाकी घरात नव्हती. उरली जोतीरामची मोटारसायकल, आणि तिच्यावरच त्यांनी बहिष्कार टाकला होता.

चूक जोतीरामचीच होती. खड्ड्यांतून आईचे हाल होतात म्हणून त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, अर्धाच पाहिला, आणि पाना घेऊन गाडीच्या मागच्या शॉकअपला भिडला. शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक फिरती कडी असते आणि तिला पाच टप्पे असतात. जोतीरामनं सरळ हिशेब केला. ढिलं ते नरम आणि नरम ते सुखाचं. दोन्ही बाजूंच्या कड्या त्यानं पार खालच्या टप्प्यावर आणून ठेवल्या. कॉलनीच्या फाटकाजवळच्या खड्ड्यात गाडी गेली, ढिली स्प्रिंग मुळापर्यंत दबली आणि ठक्कन आवाज झाला. तो ठोका थेट बाळाबाईंच्या मणक्यात पोचला.

"जोत्या," त्या म्हणाल्या, "मला दवाखान्यात न्यायला निघालास, का दवाखान्यात घालायला?"

तिथूनच त्या चालत घरी आल्या, काठी टेकत, आणि जोतीराम गाडी ढकलत त्यांच्या मागे.

दुसऱ्या दिवशी त्यानं मीरासाबभाईंना फोन लावला. उद्यमनगरातल्या एका बोळात मीरासाबभाई चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होते. मोठ्या माणसांच्या मोठ्या गाड्या त्यांच्या दारात रांगेत उभ्या असत आणि मीरासाबभाई आधी दूधवाल्याची गाडी हातात घेत, कारण त्याचं दूध नासतं. माणूस आपल्या कामात किती बुडालेला असावा, याचा नमुना दाखवायचा तर कोल्हापुरात त्यांच्याकडेच बोट दाखवावं.

आता फोनवर मीरासाबभाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, मागं बसणाऱ्याचं वजन किती. आणि पंचाईत झाली. जोतीराम अंगणात उभा होता आणि बाळाबाई खिडकीत तांदूळ निवडत होत्या. आईचं वजन आईच्या कानांवर पडेल अशा आवाजात सांगण्याइतका तो अजून जिवाला वैतागला नव्हता. म्हणून त्यानं नाव टाळलं. मात्र आवाज बारीक करणं काही त्याला जमलं नाही, कारण फोनवर हळू बोललं तर पलीकडे पोचत नाही अशी आपल्याकडच्या माणसांची पक्की खात्री असते.

"मागं बसणारं वजनदार हाय, भाई," तो म्हणाला. "नाव काय घेत न्हाय, तुमी समजून घ्या. आजपत्तूर ढिलं सोडलं म्हणूनच हे झालं. आता पिळायचं. दोन्ही बाजूंचं सेटिंग एकसारखं पायजे. आन् रविवारच्या आत करा, काय बी होऊ दे, रविवारी बसवायचंच हाय."

भिंतीपलीकडे गणपतराव झाडांना पाणी घालत होते. त्यांच्या हातातली नळी एकाच जास्वंदीवर थांबली आणि जास्वंद आडवी झाली.

गणपतराव म्हणजे कॉलनीच्या संस्थेचे चेअरमन, अकरा वर्षं बिनविरोध. कॉलनीत घरं तीस, मधून रस्ता आणि दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा घरं. येत्या रविवारी सकाळी दहाला मोकळ्या प्लॉटवर वार्षिक सभा होती आणि त्यात चेअरमनची निवड. कोल्हापूरचा माणूस दुधाच्या संस्थेपासून तालमीच्या मंडळापर्यंत निवडणुकीवरच वाढलेला असतो, आणि 'सेटिंग' या शब्दाचा त्याला एकच अर्थ ठाऊक असतो. दोन्ही बाजूंचं सेटिंग म्हणजे दोन्ही बाजूंची घरं. मागं बसणारं वजनदार म्हणजे या कारस्थानामागचा कुणीतरी बडा माणूस. आणि रविवारी कुणाला कुठं बसवायचं, हे समजायला काही फार डोकं लागत नव्हतं.

शुक्रवारचा दिवस गणपतरावांनी तीस घरांची नावं मनात घोळवण्यात घालवला. शनिवारी संध्याकाळी मात्र राहवेना. जोतीराम फाटकाशी गाडी पुसत होता, तिथं ते सहज आल्यासारखे आले, हवापाण्याचं बोलले, उसाचं बोलले, आणि शेवटी मुद्द्यावर आले.

"काय, दोन्ही बाजूंचं सेटिंग झालं म्हणं?"

जोतीरामला आपल्या शॉकअपची शेजाऱ्यानं एवढी काळजी करावी याचं फार बरं वाटलं. "अजून कुठलं," तो म्हणाला. "उद्या भाई सोता येणार हाईत. म्हणले, कोण बसणार ते डोळ्यांनी बघितल्याबिगर मी हात लावत न्हाय."

"आन् कोण बसणार हाय?"

"आमची आई की. दुसरं कोण?"

गणपतराव घरी गेले ते पाय ओढतच. मागं कुणी बडा माणूस असता तर त्याला भेटता आलं असतं, समजूत घालता आली असती. पण बाळाबाई! कॉलनीतल्या प्रत्येक बाळंतिणीला त्यांनी डिंकाचे लाडू दिले होते आणि प्रत्येक भांडणात निवाडा केला होता. गणपतरावांच्या स्वतःच्या बायकोचंही मत त्यांनाच पडलं असतं. अकरा वर्षं ही बाई आपल्याविरुद्ध उभी राहिली नाही, हे आपलं नशीब होतं असं त्यांना त्या रात्री पहिल्यांदाच वाटलं.

रविवारी नऊ वाजता मीरासाबभाई आले. खिशात आकडीसारखा पाना, खडूचा तुकडा आणि एक सुतळी, एवढीच त्यांची हत्यारं. बाळाबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, अगदी ठाम. मीरासाबभाईंनी त्यांना आग्रह केला नाही की समजावलं नाही. त्यांनी गाडी घरालगतच्या मोकळ्या प्लॉटवर सावलीत नेली, गाडीशेजारी स्टूल ठेवलं आणि हात जोडले.

"आक्का, गाडी चालू करणार न्हाय. किल्ली तुमच्या हातात ठिवा. नुसतं बसा, मला तुमचा भार कळू दे."

किल्ली हातात मिळाल्यावर बाळाबाईंना नाही म्हणायला कारण उरलं नाही. पुढे जोतीराम बसला. स्टुलावरून त्या चढल्या आणि नेहमीसारख्या एका बाजूला पाय सोडून बसल्या.

मग मीरासाबभाईंनी जे केलं ते खरोखर बघण्यासारखं होतं. मागच्या चाकाच्या आसापासून सीटपर्यंत त्यांनी सुतळी धरली आणि एक गाठ मारली. दोघांना उतरवून मोकळ्या गाडीची दुसरी गाठ मारली. त्या दोन गाठींमधलं अंतर बोटांनी मोजलं, कडी एक टप्पा वर पिळली, दुसऱ्या बाजूची तेवढीच पिळली, खडूनं खूण केली, आणि आक्कांना पुन्हा बसायची विनंती केली. असं तीनदा झालं. दर वेळी त्यांनी सीटवर तळहात दाबला, सोडला, आणि गाडी वर कशी येते ते मान तिरकी करून पाहिलं. ढिली स्प्रिंग नरम नसते, ती नुसती हार मानते, हे त्यांनी जोतीरामला शांतपणे समजावलं. जोतीरामला आपल्या अर्ध्या व्हिडिओची लाज वाटली.

तोवर सभेला आलेली माणसं भोवती जमली होती. फुकटात एवढं कसब बघायला मिळत असताना सतरंजीवर जाऊन कोण बसणार? दहा वाजता गणपतराव वहीसह पोचले तेव्हा तीसच्या तीस घरांतली माणसं बाळाबाईंभोवती गोल करून उभी होती, आणि मधोमध बाळाबाई सगळ्यांपेक्षा उंचावर बसलेल्या होत्या. मीरासाबभाई हात पुसत म्हणत होते, "झालं. आता आक्का बसल्या की दोन्ही बाजू बरोबर बसत्यात."

गणपतराव पुढे झाले. "आक्का, बसायचं नक्की ठरलंच म्हणायचं?"

"बसले की," बाळाबाई म्हणाल्या. "पोरानं एवढं सगळं जुळवून आणलंय, त्याचं मन कशाला मोडू?"

पडणारा शहाणा माणूस पडण्याआधी स्वतःच खाली बसतो. गणपतरावांनी घसा साफ केला आणि अकरा वर्षांच्या सेवेनंतर आपण बाजूला होत असून चेअरमनपदासाठी बाळाबाईंचं नाव सुचवत आहोत, असं जाहीर केलं. आधी सगळे चकित झाले, मग टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबेनात. बाळाबाई नको नको म्हणत होत्या, पण त्यांना उतरायला स्टूल लागत होतं आणि स्टुलावर कुणीतरी टाळ्या वाजवायला चढलं होतं. त्या खाली येईपर्यंत ठराव वहीत लिहून, सह्या होऊन गेला होता.

सोमवारी बाळाबाई गाडीवर बसल्या. फाटकाजवळचा खड्डा आला, पुढे रंकाळ्याकडच्या वाटेवरचे ओळीनं आले. जोतीराम प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखून आईच्या शब्दाची वाट बघत होता. मागून एकही शब्द आला नाही. दवाखान्याच्या दारात उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की मीरासाबला गुरुवारी जेवायला बोलव. बाळाबाईंकडून याहून मोठं बक्षीस मिळत नाही, आणि मीरासाबभाई त्याला पुरेपूर लायक होते.

त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही की गुरुवार. सहा आठवड्यांनी एका संध्याकाळी बाळाबाई दवाखान्यातून परतल्या, तर गणपतराव दारात उभे होते. साधा सभासद झाल्यावर माणसाला खड्डे दिसू लागतात. त्यांनी नवीन चेअरमनकडे रीतसर तक्रार केली की फाटकाजवळचा खड्डा आता गुडघाभर झाला आहे आणि संस्थेनं तो बुजवलाच पाहिजे.

"कुठला खड्डा?" बाळाबाई मनापासून म्हणाल्या. "आत्ता तिथनंच आले की. खड्डा असता तर मला लागला नसता व्हय?"

गणपतरावांनी जोतीरामला हळूच बाजूला घेतलं. "जोतीराम, ते सेटिंग एक टप्पा ढिलं कर की. न्हायतर ह्या जन्मात रस्ता व्हायचा न्हाय."

जोतीरामनं आईकडे पाहिलं. काठी गाडीलाच अडकवलेली विसरून बाळाबाई घराच्या तीन पायऱ्या एकट्या चढत होत्या, कठड्याला हातही न लावता.

"न्हाय, काका," तो म्हणाला. "रस्ता ऱ्हाऊ दे तसाच."