पॉइंट्समन अण्णा आणि पार्सलच्या खोलीची भिंत

आमच्या घरी मोटारसायकलवर यायचं तर आधी नामदेवअण्णांकडून चेंडू घ्यावा लागतो. बोळ अरुंद, समोरासमोर दोन गाड्या मावत नाहीत. अण्णा आमच्या रेल्वे स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. एकेरी लाईनीच्या काळात दोन स्टेशनांमधल्या सेक्शनात एका वेळी एकच गाडी असे आणि त्या सेक्शनाचा लोखंडी गोळा हाती पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नसे. निवृत्तीनंतर अण्णांनी तोच कायदा बोळाला लावला. सायकलच्या टायरला रबरी चेंडू बांधून ते तोंडाशी बसतात. पाहुण्यानं चेंडू घेऊन आत जायचं, गाडी अंगणात लावायची आणि चालत येऊन चेंडू परत करायचा.

एकदा अण्णा जेवायला गेले असताना गॅसवाला चेंडू घेऊनच राहुरीला गेला. मी, गावच्या शाळेचा मास्तर, दुपारभर उन्हात.

"अण्णा, बोळ मोकळा दिसतोय की!"

"दिसू द्या, मास्तर. गोळा आला न्हाई, म्हंजी गाडी शेक्शनातच हाय!"

स्टेशनच्या जुन्या दगडी इमारतीवरही त्यांचा असाच पहारा. ती पाडणार असं कानावर आलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडून अर्जांवर अर्ज लिहून घेतले. माझी सही सोडून प्रत्येक अर्जातलं सगळं बदलायला लावलं. शेवटी इमारत वाचली. आतून रंग द्यायचं काम गावानं माझ्या गळ्यात घातलं आणि पहिल्याच दिवशी रंगारी धावत आला, "मास्तर, अण्णा हालंनात!"

पार्सलच्या खोलीत अण्णा भिंतीला पाठ लावून उभे होते. मला रागच आला. ज्यांच्यासाठी एवढी धावपळ केली, तेच आडवे!

"अण्णा, सरका. आता काय लहान आहात का?"

ते सरकले. मागे भिंतीवर पेन्सिलीनं एकाखाली एक आकडे लिहिले होते, पाटीवर नुकतंच गिरवायला लागलेल्या मुलासारखे वेडेवाकडे.

"आमची कुसुम जलमली तवा लई बारीक हुती," अण्णा म्हणाले. "डाक्टर म्हनला, दर हप्त्याला वजन बघा. टोपलीत घालून हितं पार्सलच्या काट्यावर ठिवायचो. आकडा तिची आय, पारू, लिव्हायची. आकडे मीच शिकवले तिला. पुढं चुना मारायची पाळी आली की एवढी जागा सोडायचो."

कुसुम आता राजूरला नर्स आहे, चांगली धडधाकट. पारूकाकूंना जाऊन मात्र चार वर्षं झाली.

"आपण हे आकडे वहीत उतरवून घेऊ ना, अण्णा."

"त्ये तुमच्या हातचं हुईल, मास्तर. बँकेत, जमिनीच्या कागदावर, सगळीकडं तिचा अंगठाच हाय. तिच्या हातचं लिव्हलेलं एवढंच हाय."

माझी मलाच लाज वाटली. रंगाऱ्यानं काही न विचारता बादली उचलली आणि तो पलीकडच्या भिंतीकडे गेला.