बरखास्तीच्या दिवशीचा चिवडा

आमचा सुभा अजून बरखास्त झालेला नाही. बादशाही कधीच बुडाली. नंतरच्या प्रत्येक राजवटीने आम्हाला आपापल्या नकाशात रंगवून घेतले, त्याला आमची हरकत नव्हती. पण शेवटच्या बादशहाचा बरखास्तीचा हुकूम सर्व रहिवाशांनी एका वेळी, एका जागी ऐकल्याशिवाय लागू होत नाही, आणि कोणी ना कोणी गैरहजर असतेच.

रहिवासी म्हणजे सुभ्याचे मीठ खाल्लेला माणूस, असे हुकुमातच लिहिले आहे. लोकसंख्या वाढू नये म्हणून आम्ही पाहुण्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त गोड वाढतो. आमच्या सगळ्या जावयांची साखर वाढलेली असते.

गेल्या मंगळवारी मात्र सगळे आले. दुबईची मुले आली, रुसून माहेरी गेलेल्या सुना आल्या, म्हातारे खाटेसकट आले. हजेरी संपली तेव्हा शिरस्तेदार पळसोकरांनी यादी पुन्हा एकदा तपासली. "सगळे आहेत," ते म्हणाले. चौकात हातरुमाल उडाले.

सर्वांत खूश होते दवंडीवाले गनीभाई. हुकूम वाचून झाला की त्यांची पिढीजात नोकरी संपणार होती. तोवर दवंडीवाल्याला सुभा सोडता येत नाही. मुलीचे पुसदचे घर त्यांनी अजून पाहिलेले नव्हते. न्यायला मुलगी नसीम आली होती. ट्रंक बसच्या टपावर चढली होती.

गनीभाई वाचू लागले. बादशहाच्या पदव्या संपेपर्यंत दुपार झाली. ते "सबब" या शब्दापर्यंत आले आणि पळसोकरांनी हात वर केला.

"कंडक्टर, काय चावताय?"

"चिवडा," कंडक्टर वानखडे म्हणाले. "ट्रंक चढवली म्हणून या चाचांनी डबाच दिला."

"अब्बा," नसीम म्हणाली, "अम्मीनं तो वाटेत खायला दिला होता ना?"

"खुशीत दिला गं," गनीभाई म्हणाले.

"मीठ होतं?" पळसोकरांनी विचारले.

"जरा जास्तच."

"मग तुम्ही रहिवासी. बसा, पहिल्यापासून वाचू."

"मी बसतो हो. पण डबा अख्ख्या गाडीत फिरला."

"गाडी कुठंय?"

"गेली. मी पदव्या ऐकत राहिलो, ड्रायव्हर मला सोडून गेला."

गनीभाईंनी हुकूम गुंडाळला. वानखड्यांना त्या संध्याकाळी आमच्याकडे पिठलं-भाकरी वाढण्यात आली, कारण आता हरकत नव्हती.

प्रवाशांचा शोध चालू आहे. त्यांतले काही लग्नाला निघाले होते. उरलेला चिवडा त्यांनी मांडवात वाटला, असे समजते.

ट्रंक पुसदला वेळेवर पोचली. जावयाने ती उतरवून घेतली आणि गनीभाईंचे कपडे कपाटात लावून ठेवले.