कपाटाला वारा

जरा लावून बघावं, एवढंच कुलूपरावांच्या मनात आलं होतं.

कुलूपराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. सव्वीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली, आणि तिथे धूळ आत येऊ दिली नाही की फाइल बाहेर जाऊ दिली नाही. हे नाव ऑफिसातून घरी कधी आलं, ते त्यांनाही कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी मेव्हणे नोकरीसाठी परदेशी गेले, तेव्हा त्यांनी आपलं होम थिएटर "सांभाळा हं" म्हणून यांच्या हवाली केलं. कुलूपरावांनी ते हॉलमधल्या लाकडी कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि दर महिन्याला उघडून पुसलं. वाजवलं मात्र एकदाही नाही. (दुसऱ्याची वस्तू हो! वाजवायची असते का?)

आज मेव्हणे परत येत होते. बायको त्यांना आणायला निघताना दारातून म्हणाली, "चारपर्यंत येतो आम्ही. तोवर घरातलं काहीही दुरुस्त करू नका."

ती जिना उतरते न उतरते तोच कुलूपरावांनी कपाट उघडून बटण दाबलं आणि धूळ नको म्हणून दार पुन्हा लावलं. सोबतच्या डिस्कवर समुद्राचा आवाज होता. पंधरा मिनिटं हॉलमध्ये लाटा फुटल्या आणि एकदम सगळं गप्प झालं. त्यांनी दार उघडलं, तर अ‍ॅम्प्लिफायरवर लाल दिवा लुकलुकत होता. कुलूपरावांनी वरून हात लावला आणि चटकन मागे घेतला. इस्त्री परवडली!

ते स्वतःशीच मोठ्याने बडबडू लागले. तीन वर्षं आपण याला कोंडून ठेवलं, वारा लागू दिला नाही, म्हणून हे असं झालं. मेव्हण्यांनी पहिल्या पगारातून घेतलेलं यंत्र! आता चार वाजता त्यांना काय तोंड दाखवायचं?

"कपाटाचं दार उघडं ठेव की," आतल्या खोलीतून त्यांच्या आई म्हणाल्या.

"आणि धूळ?"

"मग बस घाम पुसत."

कपाटाची मागची बाजू बेडरूममध्ये निघत होती आणि ती साध्या प्लायवुडची होती. माळ्यावर स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट फॅन पडून होता. कपाटातली गरम हवा मागून बाहेर ओढून घेतली की काम झालं! अडीच वाजता कुलूपरावांनी करवत चालवायला घेतली. भोक गोल व्हायला हवं होतं, पण ते काहीसं बटाट्यासारखं झालं.

"अरे, भुसा माझ्या चहात पडतोय," खाटेवरून आई म्हणाल्या.

"दोन मिनिटं, आई."

"तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. दोन तास होईपर्यंत सून आलेली असते."

सव्वातीनला फॅन बसला. वायर बाहेर लोंबायला नको म्हणून प्लगही कपाटातल्याच बोर्डात घातला. आता यंत्र चालू करून दार लावायचं, एवढंच उरलं. पण रेकॉर्ड रूमचा माणूस! दाराच्या चारी कडांना फट दिसली आणि त्यांना राहवेना. धूळ तिथूनच तर येते. त्यांनी चहूबाजूंनी स्पंजची पट्टी चिकटवली, दोन्ही अंगांनी चिकटणारी, चांगली भक्कम. मग समुद्र सुरू केला, फॅन सुरू केला आणि दार दाबून बसवलं.

फॅनने कपाटातली हवा ओढली. नवी हवा आत यायला जागाच नव्हती, ती कुलूपरावांनी नुकतीच स्वतःच्या हातांनी बुजवली होती. दार गपकन आत खेचलं गेलं. फॅन आधी घरघरला, मग कण्हायला लागला.

पाच मिनिटांत जळका वास आला.

"अगं बाई, काय जळतंय?" आईंचा आवाज.

"काही नाही, आई!" असं म्हणत कुलूपरावांनी दाराची मूठ ओढली. दार जागचं हललं नाही. आणखी जोर लावला तर मूठ हातात आली. आत समुद्र खवळलेला, फॅन रडतोय, वास वाढतोय आणि सगळी बटणं दारापलीकडे. आग लागली तर? यंत्र तर गेलंच, पण आई पलीकडे बसल्या आहेत!

"आई, उठा! बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहा!"

"एक काय ते ठरव. आत्ता म्हणालास, काही नाही."

ते धावत जाऊन मेन स्विच पाडून आले. समुद्र थांबला, फॅन थांबला. दार मात्र पट्टीला चिकटून तसंच. घड्याळात चारला पाच कमी! त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक बिजागरी काढली, पाय भिंतीला लावला आणि देवाचं नाव घेऊन दार ओढलं. ते सुटलं आणि थेट त्यांच्या अंगावर आलं.

नेमकं तेव्हाच बायकोने आपल्या किल्लीने बाहेरचं दार उघडलं. (बेल मघापासून दाबत होते बिचारे. मेन बंद असताना वाजणार कशी?) तिच्या मागे बॅग घेतलेले मेव्हणे. आई हॉलमधल्या खुर्चीवर बसून हातपंख्याने वारा घेत होत्या आणि मुलगा दाराखाली.

कुलूपराव दाराखालूनच बोलले.

"दादा, माफ करा. तुमचं यंत्र माझ्या हातून गेलं. तीन वर्षं कोंडून ठेवलं मी त्याला. कोंडून कोंडून मारलं."

मेव्हण्यांनी वाकून कपाटात पाहिलं. मग फॅनचं भोक पाहिलं. त्या भोकातून पलीकडचा चहाचा कप दिसत होता.

"हे अजून ठेवलंय तुम्ही?" ते म्हणाले. "पंधरा मिनिटं चालतं आणि लाल दिवा लागतो, हो ना? अहो, घेतल्यापासून तसंच आहे ते. मला टाकवेना, म्हणून तुमच्याकडे ठेवलं. हिला तेव्हाच सांगितलं होतं, अडचण झाली तर भंगारात देऊन टाक."

कुलूपरावांनी दाराखालून मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं," बायको पदर खोचत म्हणाली, "तर हे भोक तीन वर्षांपूर्वीच पडलं असतं."